हजेरीमास्तर घरात नाहीत

हजेरीमास्तरांच्या दारावरची बेल वाजत नव्हती, कारण तिची वायर त्यांनी स्वतःच कात्रीने कापली होती. कापताना चांगला सणसणीत झटका बसला. पण बेल वाजली की पोटात जो गोळा उठतो त्याच्यापुढे हा झटका म्हणजे काहीच नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं आणि बायकोने ते लगेच मान्य केलं. नवऱ्याचं म्हणणं एका फटक्यात मान्य करायची तिची सवय नव्हती. त्यावरून त्या घरातली परिस्थिती काय होती ते ओळखा.

हजेरीमास्तर हे नाव त्यांना कारखान्याने दिलेलं. फाटकाशी एक खिडकी, खिडकीत मास्तर आणि मास्तरांपुढे हजेरीपट. भोंगा संपायच्या आत फाटकातून आला तो हजर, संपल्यावर आला तो गैरहजर. मग तो कोणाचा का जावई असेना. सख्ख्या मेहुण्यालासुद्धा त्यांनी एकदा लाल शाईने गैरहजर लावला होता, आणि तो मेहुणा अजून त्यांच्याकडे जेवायला येत नाही. मग कारखान्याने अंगठा लावायचं यंत्र आणलं. यंत्र चहा पीत नाही, रजा मागत नाही आणि मेहुण्यांशी वाकडंही घेत नाही. मास्तरांना अर्ध्या पगारावर गोदामात स्क्रू मोजायला बसवलं. पगार अर्धा झाला, घराचा हप्ता मात्र होता तसाच धडधाकट राहिला.

हप्ते थकले तसा बँकेचा वसुलीवाला येऊ लागला. तो आवाज चढवत नसे, हीच खरी भीतीची गोष्ट होती. आरडाओरडा करणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. हा आपला दारावर दोन बोटं वाजवून, "आहात का घरात?" असं इतक्या मऊ आवाजात विचारायचा की मास्तरांना दरदरून घाम फुटायचा. मग ठरल्याप्रमाणे बायको गॅस बंद करायची, मुलगी पेन्सिल खाली ठेवायची आणि तिघंही आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची. पंखा बंद, कारण तो कुरकुरायचा. शिंक आली तर उशीत द्यायची. दाराला बाहेर बघायचं जे भिंगाचं भोक असतं त्यावर काळी पट्टी चिकटवलेली, म्हणजे आतली हालचाल बाहेर कळायला नको. या कामात तिघांनी असा हातखंडा मिळवला होता की आत माणूस आहे अशी बाहेरच्याला शंकाही येऊ नये. या कसबाचा पुढे काय उपयोग झाला ते येईलच.

शेवटी बँकेने दारावर नोटीस चिकटवली. महिनाअखेरपर्यंत थकबाकी भरा, नाहीतर घराला सील. मास्तरांनी नोटिशीवर कॅलेंडर लटकवलं. दाराला बाहेरून कॅलेंडर लावणारं आख्ख्या इमारतीतलं हे पहिलंच घर. कोणी विचारलं तर मास्तर म्हणायचे, "सगळ्यांच्या सोयीचं असतं, जाता-येता तारीख बघता येते." इमारतीतल्या प्रत्येकाने तारीख बघितली, आणि बघताना कॅलेंडर वर उचलूनच बघितली.

घर तसं लहानच. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक दोरी मावेल एवढी बाल्कनी. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना दाराशीच एक फरशी निखळलेली होती. राहायला आल्या आल्या मास्तर म्हणाले होते, "रविवारी गवंड्याला बोलावतो." मुलगी तेव्हा रांगत होती. आता ती सहावीत आहे आणि तो रविवार अजून उजाडायचाय. पण वाईट घर नव्हतं. रात्री पाठ टेकली की मास्तरांना वाटायचं, जगात आपलं असं म्हणायला एवढीच जागा आहे. हल्ली पाठ टेकली की वाटायचं, सील लावतात म्हणजे नेमकं काय लावतात? मेण लावतात, की पत्रा ठोकतात? आपली गादी आत राहिली तर?

योजनेची बातमी आणली वरच्या मजल्यावरच्या विमेवाल्यांनी. विमेवाले म्हणजे विमा एजंट. बारा महिने सल्ला द्यायच्या धंद्यात असल्यामुळे फुकट सल्ला देतानाही त्यांचा हात सैल असे.

"मास्तर, कॅलेंडर बघितलं मी," ते म्हणाले.

"हो का? आज कितवी?"

"ते राहू द्या. सरकारची घर-आधार नावाची योजना आहे. नवीन घर घेणाऱ्यालाही मदत, आणि हप्त्यात अडकलेल्यालाही. मागचे हप्ते सरकार भरतं, पुढचं वर्षभर अर्धा भार उचलतं, आणि अर्ज मंजूर झाला की बँकेला जप्ती थांबवावीच लागते."

सरकारकडे हात पसरायचा म्हणजे आपण हात पसरायच्या लायकीचे झालो हे आधी स्वतःशी कबूल करायला हवं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी बायको म्हणाली, "अहो, मान खाली घालून जा, पण जा. घर गेलं तर मान कुठे टेकणार आहात?"

योजनेच्या कार्यालयात खिडकी होती आणि खिडकीत बाई होत्या. आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला खिडकीबाहेर उभं राहणं फार जड जातं. मास्तरांचे पाय आपोआप आतल्या बाजूला वळत होते. त्यात मागे कारखान्यातला वेल्डर उभा, ज्याचं नाव त्यांनी हजेरीपटात कितीदा लाल केलं होतं याचा हिशोब नाही. त्याने मोठ्या अगत्याने नमस्कार केला. मास्तरांना वाटलं, याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाईंनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"अडचणीचं स्वरूप, या पुढे तुम्ही 'किरकोळ' लिहिलंय."

"हो. म्हणजे तशी तात्पुरतीच आहे," मास्तर हळू आवाजात म्हणाले.

"किरकोळ अडचणीला योजना नाही. पुढचे या."

"अहो बाई, थांबा. थोडी मध्यम आहे."

"मध्यमलाही नाही. घर जायची वेळ आली असेल तर आहे. आलीय का?"

रांगेतली सगळी माणसं ऐकत होती. मागून वेल्डर मायेने म्हणाला, "लिहा मास्तर, 'पूर्ण बुडालो.' मीही तेच लिहिलंय. काही होत नाही."

मास्तरांनी लिहिलं. 'पूर्ण' हा शब्द त्यांनी शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिला.

"घर एकच हवं आणि त्यात तुम्ही स्वतः राहत असायला हवं," बाई म्हणाल्या. "लोक रिकामी घरं दाखवून मदत उचलतात, म्हणून तपासनीस येऊन बघून जातात. कधी येतील ते आधी सांगत नाहीत."

यातलं मास्तरांनी नेमकं एवढंच ऐकलं, की कोणीतरी येऊन बघणार आहे. घरी जाईपर्यंत तेवढंच डोक्यात घुमत होतं. काय बघणार? किती बघणार? कपाट उघडून बघणार? भीती माणसाला एक वाक्य ऐकू देते आणि बाकीची वाऱ्यावर सोडते. बाईंचं महत्त्वाचं वाक्य तसंच वाऱ्यावर गेलं.

तपासनीस आले तेव्हा संध्याकाळ होती. बायको पोळ्या करत होती, मुलगी गणितं सोडवत होती, आणि दारावर टकटक झाली.

पुढे जे झालं त्यात कोणाचाच दोष नाही. गॅस बंद झाला, पेन्सिल खाली गेली, पंखा थांबला, तिघं भिंतीला पाठ लावून बसली. टकटक पुन्हा झाली. "कोणी आहे का?" असा दमलेला आवाज आला. मास्तरांनी मुलीच्या तोंडावर हात ठेवला, बायकोने मास्तरांच्या. बाहेर कोणीतरी बराच वेळ श्वास घेत उभं होतं. मग दाराच्या फटीतून एक चिठ्ठी सरकत आत आली आणि पावलं जिना उतरून गेली.

मास्तरांनी रांगत जाऊन चिठ्ठी उचलली. 'घर-आधार तपासणी. अर्जदार गैरहजर. येत्या गुरुवारी अंतिम भेट. त्या वेळी वास्तव्य न आढळल्यास अर्ज बंद करण्यात येईल.'

मास्तरांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. जन्मभर दुसऱ्यांना गैरहजर लावलं. आणि आज बायको-मुलीसकट स्वतःच्या घरात बसलेले असताना कोणीतरी त्यांनाच गैरहजर लावून गेलं. "वेळेत होतो हो मी," ते बायकोला म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"त्याला काय कळणार?" बायको म्हणाली. "आता गुरुवारी दार सताड उघडं ठेवू. बस."

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पोळी करपल्याचा वास जिन्यात गेला, वासामागे खालच्या टेलरिंगवाल्या काकू आल्या, आणि काकूंमागे विमेवाले.

काकू तळमजल्यावर ब्लाउज शिवायच्या. दिवसातून दोन वेळा त्या मास्तरांकडे चहाला यायच्या, त्यामुळे या घरातलं काहीही त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी चिठ्ठी वाचली, डोळ्याला पदर लावला आणि लगेच कामाला लागल्या.

"दार उघडं ठेवून काय होणार?" विमेवाले म्हणाले. "तो आत येऊन काय बघणार? टीव्ही बघणार, सोफा बघणार, फ्रिज बघणार. म्हणेल, यांना कसली आलीय अडचण? मास्तर, तुम्ही लिहिलंय 'पूर्ण बुडालो.' घर बुडालेलं दिसायला नको का?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हे त्यांना सुचलंच नव्हतं. खोटं ठरलो तर घरही जाईल आणि अब्रूही जाईल. मग घर जाताना सगळी इमारत जिन्यात उभी राहून बघेल.

"टीव्ही आमच्याकडे राहू द्या चार दिवस," विमेवाले म्हणाले. शेजारधर्म म्हणून ते टीव्ही स्वतः उचलून घेऊन गेले. त्यांचा टीव्ही बरेच दिवस बिघडलेला होता, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

टीव्ही गेला तर भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उघडा पडला. डाग म्हणजे पुरावाच. विमेवाल्यांकडे उरलेला रंगाचा डबा होता. त्यांनी डागावर रंग मारला. मग डागाच्या जागी भिंत इतकी उजळली की बाकीची भिंत मळकट दिसायला लागली, म्हणून तीही रंगवली. भिंत नवीन झाल्यावर सोफा फारच सुखवस्तू वाटू लागला. तो गेला. सोफ्याशिवाय पडदे कशाला? ते गेले. फ्रिज काकूंकडे गेला. काकूंनी तो दुकानात ठेवून त्यावर अस्तराच्या कापडाचे गठ्ठे रचले. कपाट आतल्या कागदपत्रांसकट वर विमेवाल्यांकडे गेलं. पलंगही गेला, कारण बायकोच्या माहेरच्या लाकडाला इतकी चकाकी होती की त्याच्याकडे बघून कोणीही म्हणालं असतं, हे लोक मजेत आहेत.

बायको प्रत्येक वस्तूबरोबर जिन्यापर्यंत जायची आणि परत यायची. "अहो," ती एकदा म्हणाली, "बँकेचा माणूस सामान न्यायला येईल तेव्हा असंच दिसेल का हो?" मास्तरांनाही तेच वाटत होतं. फक्त बँकेने एवढा रंग दिला नसता.

बुधवारी काकूंनी शेवटचा हात फिरवला. त्यांचं म्हणणं, गरिबी असली तरी ती टापटीप हवी. त्यांनी फिनेल टाकून फरशी पुसली, बेसिनवरचे ब्रश आणि साबण डब्यात घालून खाली नेले, दाराशी पडलेल्या चपला नेल्या, दोरीवरचे कपडे नेले. घरात उरली एक सतरंजी, एक पातेलं, एक फडकं आणि एक पायपुसणं. पायपुसणं मास्तरांनी स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी त्या निखळलेल्या फरशीवर टाकलं. घराची डागडुजी केली नाही म्हणून तपासनीस अडवतील, ही त्यांना वेगळी धास्ती होती. त्या रात्री तिघं सतरंजीवर झोपली. मुलगी खोकली तर रिकाम्या भिंतींतून तिचा खोकला परत आला. ती घाबरून बापाला चिकटली.

गुरुवारी सकाळपासून दार सताड उघडं होतं. दुपारी तपासनीस आले. जाडजूड, घामाघूम, तीन जिने चढून दमलेले. मास्तर दारातच हात जोडून उभे होते. पाठ केलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं, "या साहेब, आम्ही पूर्ण बुडालेलो आहोत."

तपासनीस आत आले. त्यांनी भिंत बघितली आणि बोट लावलं. बोटाला रंग लागला. त्यांनी नाक वर करून फिनेलचा वास घेतला. आतली खोली बघितली, बाल्कनी बघितली, बेसिन बघितलं. मग खोलीच्या मध्यभागी उभं राहून खाकरले. खाकरणं चारी भिंतींवरून फिरून आलं.

"राहता कुठे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"इथेच, साहेब."

"इथे?" त्यांनी पुन्हा एकदा चौफेर बघितलं. "ताजा रंग, फिनेल, दोरीवर एक कपडा नाही, बेसिनवर ब्रश नाही, दाराशी चप्पल नाही. भाडेकरूसाठी तयार केलेलं घर असंच असतं, मास्तर. मागच्या वेळी आलो तेव्हाही कोणी नव्हतं."

"होतो, साहेब. आतच होतो."

"मग दार का नाही उघडलं?"

मास्तरांना वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी. "आम्ही... लपलो होतो," ते म्हणाले.

तपासनीसांनी लेखणी काढली. ती लेखणी बघून मास्तरांची पाचावर धारण बसली. कारण तसा चेहरा करून लेखणी काढणारा माणूस पुढे काय लिहितो ते त्यांना जन्मभराच्या अनुभवाने ठाऊक होतं. समोरचा कितीही गयावया करो.

"कागदपत्रं, साहेब. लाइटबिल आहे माझ्या नावाचं."

"दाखवा."

"कपाटात आहे."

"कपाट कुठे आहे?"

"वर."

तपासनीसांनी छताकडे बघितलं, मग मास्तरांकडे बघितलं. "आणि बिलावरून घर तुमचं एवढंच कळतं," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "राहता का, ते कळत नाही."

तेव्हा बायको पुढे झाली. इतका वेळ ती भिंतीशी उभी होती. "साहेब, दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून तर अर्ज केलाय," ती म्हणाली. "तुम्ही लिहिलंत नाही म्हणून, तर परवा आम्ही जिन्यात बसलेलो असू." ती रडली नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं, आणि मास्तरांना ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

जिन्यात कान लावून बसलेल्या शेजाऱ्यांना आता राहवेना. काकू धावत खाली गेल्या, विमेवाले वर गेले. तपासनीसांनी घाम पुसला. "थोडं पाणी मिळेल का? नळ तरी चालू आहे का बघतो," म्हणत ते स्वयंपाकघराकडे वळले.

पायपुसण्यावर त्यांचा पाय पडला. फरशी एका बाजूने खाली गेली, दुसऱ्या बाजूने वर आली, आणि तपासनीस सगळ्या वजनासकट दाणकन खाली बसले.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. सरकारी माणसाचा पाय मोडला. आता घरही गेलं आणि वर पोलिसही येणार. बायको पाणी आणायला पळाली, मुलगी ओल्या फडक्यासाठी पळाली, मास्तर काय करावं न सुचून दोघींच्या मागे पळाले आणि परत आले. बायकोने पातेल्यातून पाणी आणलं, फडकं पुन्हा भिजवून आणलं. प्यायला भांडं नाही म्हणून माफी मागितली. इतक्यात काकू हातात ब्रश-साबणाचा डबा, दुसऱ्या हातात चपला आणि खांद्यावर मास्तरांचे कपडे घेऊन आल्या. "साहेब, हे बघा यांचं सामान, मीच नेलं होतं," म्हणत त्या डबा ठेवायला तडक स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग विमेवाले टीव्ही छातीशी धरून आले. टीव्ही ठेवायची जागा बाहेरच्या खोलीत होती, पण घाबरलेल्या माणसाला दिशा कळत नाही. ते काकूंच्या मागे निघाले. फरशी पुन्हा एकदा खाली-वर झाली. विमेवाले बसले तपासनीसांच्या शेजारी, आणि टीव्ही बसला विमेवाल्यांच्या पुढ्यात. त्याची काच बराच वेळ टिचत राहिली.



तपासनीस घोटा धरून जमिनीवर बसले होते आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे टक लावून बघत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "स्वयंपाकघरात जाऊन या."

"काय आणू, साहेब?"

"काही नको. नुसते जाऊन या."

मास्तर गेले आणि आले.

"पुन्हा जा."

मास्तर पुन्हा गेले. ही शिक्षा आहे की तपासणी, हे त्यांना कळेना. शाळेतसुद्धा त्यांना कोणी असं फिरवलं नव्हतं.

"बाळ, आता तू," तपासनीस मुलीला म्हणाले. मुलगी गेली आणि आली. "तू दाराशी एवढी लांब ढांग का टाकलीस?"

"कुठे?" मुलीने विचारलं.

"तिथे. पायपुसण्यावर."

मुलीने मागे वळून बघितलं. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं. मास्तरांनी बायकोकडे बघितलं, बायकोने मास्तरांकडे. त्यांनाही कळलं नव्हतं.

तपासनीसांनी सरकत जाऊन पायपुसणं उचललं आणि फरशी बोटाने दाबली. ती खाली गेली, वर आली. "किती वर्षं आहे ही अशी?"

"राहायला आलो तेव्हापासून," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली. "गवंड्याला बोलावणारच होतो साहेब. राहून गेलं."

"पडल्यापासून बघतोय," तपासनीस म्हणाले. "तुम्ही तिघं दहा वेळा गेलात, आलात. हातात पाणी, डोळे माझ्याकडे, बोलणं चालू. एकदाही पाय पडला नाही. मी पडलो. हे पडले." त्यांनी विमेवाल्यांकडे बोट केलं. विमेवाले काचा वेचत होते. "हे इथे राहत नाहीत, एवढं नक्की." मग ते थांबले. "पण या बाई पण ढांग टाकून गेल्या. यांना पोटभाडेकरू ठेवलंय का? ते योजनेत चालत नाही."

"छे हो," काकू घाबरून म्हणाल्या. "मी चहाला येते. दोन वेळा."

"वर्षानुवर्षं?"

"तर काय."

तपासनीसांनी लेखणी उचलली. मास्तर त्यांच्या हाताकडे बघत उभे राहिले. आयुष्यभर ते लेखणीच्या दुसऱ्या बाजूला होते. या बाजूने अक्षरं उलटी दिसतात आणि घाबरलेल्या माणसाला ती वाचता येत नाहीत. तपासनीसांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी कागद मास्तरांकडे फिरवला. 'अर्जदार सहकुटुंब हजर.'

मास्तर तो शब्द वाचत राहिले. मग ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले. पाठीला ओला रंग लागला तो त्यांना कळलाही नाही.

अर्ज मंजूर झाला. बँकेची नोटीस उतरली, कॅलेंडर आत आलं. सामान परत आलं. टीव्ही मात्र गेला तो गेलाच. विमेवाल्यांचं म्हणणं, त्याचा विमा असता तर काहीतरी करता आलं असतं. तपासनीस घोटा बरा झाल्यावर एकदा जाता जाता येऊन गेले, चहा प्यायले आणि फरशी तेवढी बसवून घ्या म्हणाले. तो रविवार शेवटी उजाडला. गवंड्याने फरशी पक्की बसवली आणि वर उभं राहून उडी मारून दाखवली.

तरी तिघं त्या फरशीवर पाय ठेवत नाहीत. लक्षात आलं की हसतात, आणि पुढच्या खेपेला पुन्हा ढांग टाकतात. मास्तरांचा पगार अजून अर्धाच आहे आणि सरकारची मदत वर्षभराचीच, हे कोणी बोलून दाखवत नाही.

त्याच रविवारी मास्तरांनी बेलची वायर जोडली. या वेळी झटका बसला नाही. संध्याकाळी बायको पोळ्या करत होती, मुलगी गणितं सोडवत होती, आणि बेल वाजली. इतक्या दिवसांनी वाजली की तिघंही दचकली. गॅस बंद झाला, पेन्सिल खाली गेली, पंखा थांबला, आणि मास्तर भिंतीला पाठ लावून खाली बसले सुद्धा. शेजारी बायको, मधे मुलगी. तिघांचा श्वास रोखलेला.

बेल पुन्हा वाजली.

मास्तरांनी मुलीकडे बघितलं. तिने स्वतःचा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला होता. आता कोणी ठेवायला सांगितला नव्हता, तरी.

मास्तर उठले. बाहेर काकू असतील, नाहीतर दुसरं कोणीही असेल. त्यांनी मुलीचा हात तोंडावरून खाली केला, दाराकडे चालत गेले आणि कडी काढायच्या आधीच, कारखान्याच्या खिडकीतून नावं पुकारायचे त्या आवाजात ओरडले, "आहोत. घरातच आहोत."